मत्स्यखाद्यातले जस्त नेमके कोणत्या रूपात आहे, हे कसे ओळखावे?

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपल्या खाद्यकारखान्याच्या प्रयोगशाळेत आयसीपी-एमएस (मूलद्रव्यांचे आयन करून ते वस्तुमानानुसार मोजणारे यंत्र) आहे आणि त्यावर येणारा एकूण जस्ताचा आकडा फॉर्म्युलेशनशी व्यवस्थित जुळतो. प्रीमिक्सचा (सूक्ष्म खनिजांच्या तयार मिश्रणाचा) पुरवठादार सांगतो की, त्यातले निम्मे जस्त ग्लायसीनच्या चिलेटच्या रूपात, म्हणजे ग्लायसीन या अमिनो आम्लाने धरून ठेवलेले आहे. हे पडताळण्यासाठी आपण दळलेले खाद्य पीएच ८.५ च्या ट्रिस-हायड्रोक्लोराइड बफरमध्ये हलवले आणि गाळलेला अर्क रेणूंच्या आकारानुसार वेगळे करणाऱ्या कॉलममधून आयसीपी-एमएसमध्ये सोडला. एकूण जस्ताचा जेमतेम दहावा हिस्सा अर्कात उतरला, आलेखात तीन शिखरे आली, आणि त्यांतले एकही शुद्ध चिलेटच्या शिखराच्या जागी नव्हते. पुरवठादार खोटे बोलतो आहे का, उरलेले जस्त कोणत्या रूपात आहे, हीच पद्धत सेलेनियम व आर्सेनिकसाठी चालेल का, आणि अहवालात काय लिहावे, असे आपण विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावर कुणाचा तरी व्यवहार अवलंबून आहे. या प्रयोगावरून पुरवठादाराला खोटे ठरवता येणार नाही, आणि खरेही ठरवता येणार नाही. आपण काम निष्काळजीपणे केले असे मुळीच नाही. जस्ताच्या बाबतीत खाद्यात असलेले रूप आणि अर्कात दिसणारे रूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तयार खाद्याच्या अर्कावरून प्रीमिक्समधल्या संयुगापर्यंत मागे जाण्याचा रस्ता बहुतेक वेळा बंद झालेला असतो.

याचे कारण बंधांच्या स्वभावात आहे. खाद्यातल्या सूक्ष्म खनिजांचे, विश्लेषणाच्या दृष्टीने, दोन गट पडतात. सेलेनियम, आर्सेनिक, पारा आणि काही अंशी आयोडीन यांचा कार्बनशी थेट सहसंयुजी बंध असू शकतो. सेलेनोमेथिओनिनमधला सेलेनियम पाण्यात विरघळवला, पातळ केला, कॉलममधून नेला, तरी तो सेलेनोमेथिओनिनच राहतो. त्याला तोडायला रासायनिक अभिक्रियाच घडावी लागते. जस्त, तांबे, मँगनीज आणि लोह यांचे तसे नाही. हे धातू आयन आजूबाजूच्या रेणूंशी समन्वय बंधांनी जोडलेले असतात आणि जोडीदार सहज बदलतात. पाण्यातल्या जस्त आयनाभोवतीचे पाण्याचे रेणू सेकंदाला कोटीच्या घरात वेळा बदलतात. तांब्याचा वेग त्याहूनही बराच जास्त आहे. अर्क काढायला आपल्याला तास लागतो, कॉलमवर अर्धा तास जातो. तेवढ्या वेळात जस्ताला त्या बफरमध्ये जो समतोल साधायचा असतो, तो साधून झालेला असतो. म्हणून जस्ताचा आलेख आपल्या बफरने घडवलेला असतो, तर सेलेनियमचा आलेख काळजी घेतल्यास खाद्याविषयी बोलतो. पद्धत निवडण्याआधी मी नेहमी एवढेच विचारतो, की हे मूलद्रव्य यांपैकी कोणत्या गटातले आहे.

हे नुसते तत्त्व म्हणून सोडू नये, आकडे घालून पाहावे. समजा, खाद्यात किलोमागे ५० मिलिग्रॅम जस्त खरोखरच ग्लायसीन चिलेट म्हणून घातले आहे, आणि आपण १ ग्रॅम खाद्य १० मिलिलिटर बफरमध्ये घेतले. सगळे चिलेट विरघळले असे धरले, तर अर्कात जस्त सुमारे ७६ मायक्रोमोलर आणि ग्लायसीन त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे १५० मायक्रोमोलर असेल. जस्त आणि एक ग्लायसीन यांच्या बंधाच्या स्थिरांकाचा लॉगरिदम साधारण ५ आहे, परंतु ग्लायसीनच्या अमिनो गटाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो आकडा) ९.६ च्या आसपास असल्यामुळे पीएच ७ ला बहुतेक ग्लायसीन प्रोटॉन धरून बसलेले असते आणि प्रत्यक्षात उपयोगी पडणारा स्थिरांक ५ वरून सुमारे २.४ वर उतरतो. या आकड्यांनी गणित मांडले, तर पीएच ७ च्या शुद्ध पाण्यातसुद्धा, दुसरा कोणताही स्पर्धक नसताना, शेकडा चारच्या आसपासच जस्त ग्लायसीनला चिकटलेले राहते. पीएच ८.५ ला हा वाटा निम्म्यापर्यंत जातो. पण नमुना कॉलममध्ये शिरला की तो आणखी पातळ होतो, सुटे झालेले ग्लायसीन आणि जस्त वेगवेगळ्या गतीने पुढे सरकतात, आणि उरलेला समतोलही मोडतो.

शिवाय खाद्यात स्पर्धक नसतात असे कधी होत नाही. फिशमीलमधून आणि वनस्पतिजन्य पेंडींमधून आलेली मोकळी अमिनो आम्ले असतात. त्यांतले हिस्टिडिन जस्ताला ग्लायसीनपेक्षा बरेच घट्ट धरते आणि सिस्टीन त्याहूनही घट्ट. प्रथिनांवरचे थायोल आणि इमिडाझोल गट असतात. सोयाबीनसारख्या पेंडीतून आलेले फायटेट (बियांमधले फॉस्फरसयुक्त संयुग) जस्ताला कॅल्शियमसह न विरघळणाऱ्या गाळात ओढून नेते. फिशमीलमध्ये हाडांचे प्रमाण जास्त असेल, तर कॅल्शियम फॉस्फेटच्या पृष्ठभागावर जस्त बसते. आणि हे सगळे आपल्या बफरची वाट पाहत थांबलेले नसते. एक्स्ट्रूडरमध्ये (खाद्याच्या पेलेट घडवणाऱ्या यंत्रात) पाणी, वाफ, दाब आणि शंभर अंशांच्या वरचे तापमान एकत्र येते, तेव्हाच जोडीदारांची अदलाबदल सुरू झालेली असते. त्यामुळे आपल्याला दिसलेली तीन शिखरे बहुधा मोठ्या प्रथिनांना, मध्यम आकाराच्या पेप्टाइडांना आणि लहान रेणूंना बांधलेल्या जस्ताची असावीत, आणि प्रीमिक्समध्ये जस्त सल्फेट घातले असते तरी साधारण तीच तीन शिखरे आली असती.

हे माझ्या शब्दावर घेऊ नका. पडताळण्याचा सोपा मार्ग आहे. त्याच खाद्याच्या दोन लहान तुकड्या करा: एकीत फक्त जस्त सल्फेट घातलेले, दुसरीत फक्त चिलेट, बाकी सगळे समान. दोन्हींचे अर्क एकाच दिवशी काढा. आलेख एकसारखे आले, तर आपली पद्धत या दोन रूपांत फरक करू शकत नाही हे सिद्ध झाले, आणि मग तिच्या आधारावर पुरवठादाराविषयी काहीही लिहिणे अन्यायाचे होईल. आलेख वेगळे आले, तर तो फरक कुठे आहे हे शोधण्यात अर्थ आहे. कोणतीही रूपनिश्चितीची पद्धत खऱ्या नमुन्यांवर वापरण्याआधी हा उलटतपास झालाच पाहिजे, आणि तो न करताच प्रसिद्ध झालेले आलेख मला नेहमी अस्वस्थ करतात.

याहून नेमकी परीक्षा हवी असेल, तर समस्थानिकांची मदत घ्यावी. नैसर्गिक जस्तात वस्तुमान ६४ चे समस्थानिक सुमारे ४९ टक्के, ६६ चे २८ टक्के, ६८ चे साडेअठरा टक्के आणि ६७ चे केवळ ४ टक्के असते. समृद्ध केलेले ६७ चे जस्त साध्या आयनाच्या रूपात अर्कन सुरू करतानाच बफरमध्ये टाका आणि प्रत्येक शिखरात ६७ आणि ६६ यांचे गुणोत्तर पाहा. बाहेरून टाकलेले जस्त सर्व शिखरांत सारख्याच प्रमाणात मिसळलेले दिसले, तर अर्कातले सगळे जस्त अदलाबदल करणारे आहे, आणि ती शिखरे म्हणजे समतोलाचे चित्र आहे. एखाद्या शिखरात टाकलेले जस्त शिरलेच नाही, तर ते शिखर खरोखर जुने, टिकाऊ रूप आहे. धातू आत घट्ट धरून ठेवणाऱ्या प्रथिनांबाबत असे घडते. मात्र आपल्या बफरमध्ये एक सापळा आहे. हायड्रोक्लोराइडमधले क्लोरीन आणि ऑक्सिजन मिळून बरोबर ६७ वस्तुमानाचा आयन तयार करतात. या प्रयोगासाठी ट्रिस ॲसिटेट बफर घ्या आणि आयसीपी-एमएस हीलियमच्या टक्कर-कक्षासह (असे उपद्रवी आयन वायूशी टक्कर घडवून कमी करणाऱ्या भागासह) चालवा. ६८ वर जायचे असेल, तर दोनदा आयनीकृत झालेल्या बेरियमकडे लक्ष ठेवा.

आता अर्कात न आलेल्या नऊ दशांशाकडे वळू. ते हरवलेले नाही, गाळात आहे. पण हे गृहीत धरू नये, मोजावे. मी कोणताही आलेख वाचण्याआधी दोन बेरजा मागतो. पहिली म्हणजे अर्कातले जस्त अधिक उरलेल्या गाळातले जस्त: गाळ धुऊन, सुकवून, नायट्रिक आम्लात मायक्रोवेव्हने पचवून वेगळा मोजायचा, आणि बेरीज एकूण जस्ताशी जुळली पाहिजे. दुसरी म्हणजे कॉलममधून बाहेर आलेल्या सर्व शिखरांची बेरीज, जी कॉलम न लावता थेट मोजलेल्या त्याच अर्कातल्या जस्ताशी जुळली पाहिजे. ही दुसरी बेरीज बहुतेक जण करत नाहीत, आणि जस्ताच्या बाबतीत तीच सर्वांत महत्त्वाची असते. आकारानुसार वेगळे करणाऱ्या कॉलमच्या भरणावर ऋण प्रभाराचे गट थोडे तरी असतातच, आणि सुटे किंवा सैल बांधलेले जस्त त्यांना चिकटून बसते. मग पुढच्या नमुन्यात एखादा ताकदवान लिगँड (धातूला धरणारा रेणू) आला की ते सुटते आणि त्या नमुन्याचे शिखर म्हणून आलेखात दिसते. आपल्या शुद्ध चिलेटचे शिखर म्हणून जे दिसले, तेही असेच कॉलमवरून उचललेले जस्त असण्याची शक्यता मी नाकारणार नाही.

यावर उपाय म्हणजे नमुन्यांच्या मध्ये ईडीटीएचे (धातूंना अतिशय घट्ट धरणाऱ्या रसायनाचे) इंजेक्शन देऊन कॉलम धुणे आणि त्या धुण्यात किती जस्त निघाले तेही नोंदवणे. पोलादी जोडण्यांऐवजी पीक (पीईईके) या प्लॅस्टिकच्या नळ्या वापरा. बफरमधले जस्त आधी मोजा, कारण चालत्या द्रावणातले अत्यल्प जस्तही तासन्तास कॉलमवर साठत राहते. हातमोज्यांची पावडर, रबरी बूच आणि धूळ ही जस्ताच्या प्रदूषणाची नेहमीची ठिकाणे आहेत.

अर्काचे प्रमाण वाढवण्यासाठी ईडीटीए अर्कनाच्या बफरमध्येच घालावे, असा सल्ला आपल्याला कुणीतरी देईल. तो घेऊ नका. ईडीटीए आणि जस्त यांच्या स्थिरांकाचा लॉगरिदम १६.५ आहे, ग्लायसीनच्या ५ पुढे ही लढतच होत नाही. अर्कन ऐंशी टक्क्यांवर जाईल आणि एकच सुबक शिखर येईल, पण ते जस्त-ईडीटीएचे असेल, म्हणजे आपण स्वतः तयार केलेल्या रूपाचे. सौम्य आम्लाबाबतही हेच: पीएच ३ च्या खाली ग्लायसीन चिलेट अस्तित्वातच राहत नाही. फॉस्फेट बफर तर जस्ताचा गाळच पाडतो. अर्कनाची टक्केवारी आणि रूपाची प्रामाणिकता या गटातल्या धातूंबाबत एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात. कमी अर्कन ही त्यामुळे लाजेची बाब नाही, ती उघडपणे लिहायची बाब आहे. नॉर्वेतल्या सागरी संशोधन संस्थेत सॅमन माशांच्या खाद्यातल्या जस्तावर याच पद्धतीने काम झाले आहे, आणि तिथेही विरघळणारा अंश लहानच आढळला.

नमुन्याच्या आकाराचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण आपल्या वर्णनात २०० मिलिग्रॅम खाद्य घेतल्याचा उल्लेख आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. समजा, किलोमागे १०० मिलिग्रॅम जस्त आहे आणि ते सगळे जस्त ऑक्साइडच्या कणांतून आले आहे. २०० मिलिग्रॅम खाद्यात २० मायक्रोग्रॅम जस्त, म्हणजे सुमारे २५ मायक्रोग्रॅम ऑक्साइड असेल. ऑक्साइडची घनता घन सेंटिमीटरला ५.६ ग्रॅम आहे; १०० मायक्रोमीटर व्यासाच्या एका गोल कणाचे वजन जवळपास ३ मायक्रोग्रॅम भरते. म्हणजे आपल्या संपूर्ण नमुन्यात असे आठ-नऊच कण आले. कणांची संख्या जेव्हा इतकी लहान असते, तेव्हा केवळ योगायोगाने होणारा सापेक्ष फरक तिच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, आणि तो इथे एक तृतीयांशाच्या घरात जातो. तेच कण १० मायक्रोमीटरचे असतील, तर त्यांची संख्या हजारपट होते आणि फरक एक टक्क्यावर येतो. यंत्राची पुनरावृत्ती दोन टक्क्यांत असूनही दोन पेलेटमधला फरक तीस टक्के का येतो, याचे उत्तर अनेकदा एवढेच असते. निदान ५० ग्रॅम पेलेट एकत्र करून, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून, ॲगेट किंवा टायटॅनियमच्या साधनाने बारीक दळा, आणि परीक्षणासाठी १ ग्रॅमहून कमी घेऊ नका. पोलादी दळण यंत्र लोह, मँगनीज आणि क्रोमियम सोडते, आणि तापलेले दळण सेलेनियमच्या सेंद्रिय रूपांना बाधते.

मग पुरवठादाराचा दावा तपासायचा कसा? प्रीमिक्समध्ये मिसळण्याच्या आधी, मूळ पूरकावर. शुद्ध ग्लायसीन चिलेटमध्ये जस्ताचे आणि नायट्रोजनचे प्रमाण ठरलेले असते. दोन्ही मोजून गुणोत्तर पाहा. केवळ ग्लायसीन आणि जस्त सल्फेट यांचे कोरडे मिश्रणही हे गुणोत्तर देऊ शकते, म्हणून त्याच्या जोडीला क्ष-किरण विवर्तन करा: मिश्रणात सल्फेटच्या आणि मोकळ्या ग्लायसीनच्या स्फटिकांच्या रेषा वेगवेगळ्या दिसतात, खऱ्या संयुगाच्या रेषा वेगळ्या असतात. अवरक्त वर्णपटात मोकळ्या ग्लायसीनचा अमोनियम गट आणि बांधलेल्या ग्लायसीनचा अमिनो गट वेगळे ओळखता येतात. ही तीन साधी परीक्षणे मिळून जे सांगतात, ते तयार खाद्यावरचा कोणताही आलेख सांगू शकत नाही. करारात परीक्षण मूळ पूरकावर होईल असे लिहून घ्यावे आणि प्रत्येक खेपेचा नमुना बाजूला ठेवावा.

गाळातल्या जस्ताबद्दल खरोखरच जाणून घ्यायचे असेल, तर अर्क न काढता घन खाद्यावर मोजमाप करणारी एकच भरवशाची पद्धत मला ठाऊक आहे, ती म्हणजे सिंक्रोट्रॉनवरचे (अतिप्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावरचे) क्ष-किरण शोषण. जस्ताच्या ९६५९ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या शोषणकडेजवळचा वर्णपट घेऊन तो फायटेट, फॉस्फेट, ऑक्साइड, हिस्टिडिन, सिस्टीन अशा संदर्भ वर्णपटांच्या मिश्रणाशी जुळवतात. त्यातून जस्ताच्या शेजारी ऑक्सिजन, नायट्रोजन की गंधक आहे हे चांगले कळते. एकमेकांसारखे दिसणारे लिगँड मात्र त्यालाही वेगळे करता येत नाहीत, लहान वाटे अनिश्चिततेत बुडतात, आणि संदर्भसंचात जे रूप ठेवलेलेच नाही ते उत्तरात कधीच येत नाही. कारखान्याच्या रोजच्या तपासणीसाठी ही पद्धत नाही. एखाद्या संशोधन गटाशी सहकार्य करून, निवडक दोन-तीन खाद्यांवर, गाळाचे स्वरूप एकदा समजून घेण्यासाठी ती योग्य आहे.

सेलेनियमकडे आल्यावर परिस्थिती खूप बरी होते, आणि म्हणून रूपनिश्चितीचे काम आपण सेलेनियमपासूनच सुरू करावे असे मी सुचवीन. खाद्यात ते प्रामुख्याने सेलेनाइट म्हणून किंवा सेलेनियमयुक्त यीस्टमधून सेलेनोमेथिओनिन म्हणून येते, शिवाय फिशमीलचे स्वतःचे सेलेनियम असतेच. यीस्टमधले सेलेनोमेथिओनिन प्रथिनांच्या साखळीत गुंफलेले असल्यामुळे नुसत्या बफरने निघत नाही. प्रथिने तोडावी लागतात, आणि त्यासाठी स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसपासून मिळणारे प्रोटिएज, पीएच ७.५ च्या आसपास, ३७ अंशांवर, साधारण एक दिवस वापरतात. सेलेनोमेथिओनिन हवेत ऑक्सिडीकृत होते आणि त्याचे शिखर पुढे सरकते, म्हणून थोडे डायथायोथ्रायटॉल (ऑक्सिडीकरण रोखणारे रसायन) घालून ठेवावे. सेलेनोसिस्टीन मात्र आयोडोॲसिटामाइडने झाकून घेतल्याशिवाय टिकत नाही. ते न करता ‘सेलेनोसिस्टीन आढळले नाही’ असे लिहू नये.

आयसीपी-एमएसवर सेलेनियम ८० च्या जागी आर्गॉनच्या दोन अणूंचा आयन येतो आणि ७८ वरही आर्गॉनचा उपद्रव असतो, त्यामुळे हायड्रोजनचा कक्ष वापरा. तिहेरी क्वाड्रुपोल (आयन दोनदा वस्तुमानानुसार निवडणारे यंत्र) असेल, तर ऑक्सिजन घालून ८० चे ९६ वर मोजा. सेलेनियमयुक्त यीस्टसाठी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा ‘सेल्म-१’ हा प्रमाणित संदर्भ पदार्थ आहे, ज्यात सेलेनोमेथिओनिनचेही प्रमाणित मूल्य दिलेले आहे. प्रोटिएजची प्रत्येक नवी बाटली त्यावर तपासावी. आकडे लिहिताना ते सेलेनियम म्हणून आहेत की सेलेनोमेथिओनिन म्हणून, हे स्पष्ट करा. रेणूच्या सुमारे १९६ वजनात सेलेनियम ७९ आहे, म्हणजे गल्लत झाली तर अडीचपट फरक पडतो. युरोपीय संघात खाद्यातल्या एकूण सेलेनियमला किलोमागे ०.५ मिलिग्रॅमची आणि सेंद्रिय पूरकातून घातलेल्या सेलेनियमला ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. अशा ठिकाणी ही गल्लत केवळ शास्त्रीय राहत नाही.

सेलेनाइट कमी सापडले म्हणून ते घातलेच नव्हते असे मानू नका. खाद्यातले क जीवनसत्त्व आणि थायोल सेलेनाइटचे मूलरूप सेलेनियममध्ये क्षपण करू शकतात. ते पाण्यात विरघळत नाही आणि गाळात राहते. इथेही गाळ मोजणे हाच उपाय आहे.

आर्सेनिकचे उत्तर थोडक्यात देता येते, कारण प्रश्न सरळ आहे. सागरी घटकांतून आलेल्या आर्सेनिकचा मोठा भाग अर्सेनोबीटेन असतो, जो विषारी मानला जात नाही, आणि काळजी असते ती असेंद्रिय आर्सेनिकची. युरोपीय नियमांत माशांच्या पूर्ण खाद्यासाठी एकूण आर्सेनिकची मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम आहे, आणि असेंद्रिय भाग २ च्या खाली आहे हे मागणीनुसार दाखवावे लागते. सौम्य नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालून ९० अंशांच्या जलतापकात अर्क काढतात. त्यात तीन संयुजेचे आर्सेनिक पाच संयुजेचे होते आणि ऋणायन विनिमय कॉलमवर अर्सेनोबीटेनपासून स्वच्छ दूर जाते. तसे न केल्यास तीन संयुजेचे आर्सेनिक अर्सेनोबीटेनच्या मोठ्या शिखराच्या अगदी शेजारी येते. खाद्यातल्या मिठातले क्लोरीन आर्गॉनशी मिळून ७५ वर येते, म्हणून हीलियम कक्ष हवाच. मेदात विरघळणारी आर्सेनिकची रूपे या अर्कात येत नाहीत, आणि हेक्झेनने मेद काढल्यास ती कायमची निघून जातात, हे अहवालात नमूद करा.

आता मूळ हेतूकडे. वरिष्ठांना रूप कशासाठी हवे आहे, हे त्यांना नक्की विचारा. माशाला जस्त किती लागू पडते हे कळण्यासाठी हवे असेल, तर खाद्यातले रूप हे त्या उत्तराचे केवळ एक टोक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०११ मध्ये दिलेली जस्ताची गरज कार्प आणि रेनबो ट्राउटसाठी किलोमागे १५ मिलिग्रॅम, तिलापियासाठी २० आणि अटलांटिक सॅमनसाठी ३७ आहे. प्रत्यक्ष व्यापारी खाद्यात मात्र याहून कितीतरी जास्त घालावे लागते, कारण फायटेट आणि फॉस्फेट त्यातले बरेचसे अडवून धरतात. हाडांची राख जास्त असलेल्या फिशमीलवर वाढवलेल्या ट्राउटमध्ये, खाद्यात जस्त भरपूर असूनही, डोळ्यांत मोतीबिंदू झाल्याचे नोंदलेले आहे. दुसऱ्या बाजूने युरोपीय संघाने २०१६ मध्ये एकूण जस्तावर सॅमन कुळासाठी १८० आणि इतर माशांसाठी १५० मिलिग्रॅमची मर्यादा घातली, कारण न पचलेले जस्त पाण्यात आणि तळाच्या गाळात जाते. खालून गरज आणि वरून मर्यादा अशा या पट्ट्यात रूपाला महत्त्व आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण रूपाचा परिणाम माशानुसार बदलतो. सॅमन आणि तिलापिया यांना आम्लधर्मी जठर आहे. तिथे ग्लायसीन चिलेट सुटे होते, ऑक्साइड विरघळते, आणि आतड्यात पोहोचल्यावर जस्त नव्याने जोडीदार निवडते. कार्पला जठरच नाही, त्यामुळे खाद्यातले न विरघळणारे रूप त्याच्या आतड्यातही बरेचसे तसेच राहू शकते. म्हणून एकाच पूरकाचा एका माशात फायदा दिसतो आणि दुसऱ्यात दिसत नाही, याचे मला आश्चर्य वाटत नाही. आपण कोणत्या माशासाठी खाद्य करता हे लिहिलेले नाही. त्यावर पुढचा सल्ला अवलंबून आहे. जठर असलेल्या माशासाठी आम्ल पेप्सिन आणि मग उदासीन पीएचवर स्वादुपिंडाची विकरे, आणि कार्पसाठी फक्त दुसरी पायरी, असे कृत्रिम पचन करून किती जस्त विरघळलेले राहते हे मोजा. बफरमधल्या दहा टक्क्यांपेक्षा हा आकडा आपल्या कामाचा आहे. त्यावरून निवडलेली दोन-तीन खाद्ये शेवटी माशांना घालून त्यांच्या हाडांतले आणि शरीरातले जस्त मोजल्याशिवाय उपलब्धतेचा दावा मात्र करू नये. मासे कल्ल्यांतूनही पाण्यातले जस्त घेतात, तेव्हा त्या चाचणीत टाकीतले पाणीही मोजा.

अहवालात काय लिहावे, हेही आपण विचारले होते. मी आपल्या जागी असतो तर ‘चिलेट आढळले नाही’ हे वाक्य काढून टाकले असते. त्याऐवजी असे लिहावे: ‘पीएच ८.५ च्या ट्रिस बफरमध्ये एकूण जस्तापैकी इतके टक्के विरघळले. विरघळलेल्या भागाचे रेणूंच्या आकारानुसार तीन अंश मिळाले. कॉलममधून इतके टक्के परत मिळाले. या पद्धतीने जस्त सल्फेट आणि ग्लायसीन चिलेट यांत भेद करता येतो किंवा येत नाही, हे तुलनात्मक नमुन्यांवर तपासले आहे.’ आययूपीएसीने (रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) २००० मध्येच ठरावीक रेणू ओळखणे आणि गुणधर्मानुसार अंश वेगळे करणे या दोन कामांची स्वतंत्र व्याख्या केली आहे. जस्ताबाबत आपण दुसरे काम केले आहे, आणि ते तसेच सांगितले तर त्याची किंमत कमी होत नाही.

सल्फेट आणि चिलेटच्या दोन तुकड्यांचा प्रयोग आधी करा. त्याला नवे साहित्य लागत नाही. कॉलममधून किती जस्त परत मिळते तो आकडा, माशाची जात आणि खाद्यातले फिशमीलचे प्रमाण कळवलेत, तर तीन शिखरांचा अर्थ लावण्यात आणि कृत्रिम पचनाचे पीएच व कालावधी ठरवण्यात मला नेमकी मदत करता येईल.